अँपिअर-तासाचा तक्ता आणि बाहेरचे इलेक्ट्रॉन

आमच्या प्लेटिंग शॉपमध्ये, म्हणजे विजेनं वस्तूंवर धातूचा थर चढवण्याच्या कारखान्यात, टाक्यांना करंट पुरवणाऱ्या रेक्टिफायरशेजारी भिंतीवर एक तक्ता लावला आहे. लॅमिनेट केलेला, कडा वाफेनं पिवळ्या पडलेल्या. एक अँपिअर करंट एक तास चालवला तर कोणत्या बाथमधून (टाकीतल्या द्रावणातून) जॉबवर (थर चढवायच्या वस्तूवर) किती ग्रॅम धातू चढेल, एवढंच त्यावर लिहिलं आहे. चांदी ४.०२. सायनाइड कॉपर २.३७. झिंक १.२२. अ‍ॅसिड कॉपर १.१९. निकेल १.०९. ट्रायव्हॅलंट क्रोम ०.६५. हेक्साव्हॅलंट क्रोम ०.३२.

भोसरीतल्या या छोट्या कारखान्यात मी केमिस्ट आहे. बाथचं टायट्रेशन करणं, हल सेल या छोट्या चाचणी-टाकीत थर कसा चढतो ते बघणं, थराची जाडी मोजणं, ईटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचं) पाणी तपासणं ही माझी रोजची कामं. आयटीआयची मुलं आमच्याकडे अप्रेंटिस म्हणून येतात. टाक्यांची नावं आणि क्रम पाठ झाला की त्यांतला एखादा तरी या तक्त्यापुढे थांबतो. यंदा लातूरकडच्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, कॉपर तर एकच आहे. मग आकडे दोन कसे? आणि एक बरोबर दुसऱ्याच्या दुप्पट?"

या प्रश्नाची मी वाटच बघत असते. नववीत संयुजा शिकलेली ही मुलं असतात. सोडियम एक, मॅग्नेशियम दोन, अ‍ॅल्युमिनियम तीन, ऑक्सिजन दोन असं धडाधड म्हणून दाखवतात. पण संयुजा म्हणजे मूलद्रव्याच्या कपाळावर लिहिलेला आकडा, अशी त्यांची समजूत झालेली असते. ती समजूत सुटल्याशिवाय रसायनशास्त्र पुढे सरकत नाही, असं माझं ठाम मत आहे. बाहेरच्या कक्षेत इलेक्ट्रॉन किती आहेत, हा अणूच्या रचनेचा प्रश्न झाला. त्यांतले किती प्रत्यक्ष कामाला लागले, हा संयुजेचा. पहिल्यावरून दुसऱ्याचा अंदाज येतो, कधी अगदी बिनचूक येतो, पण दोन्ही एकच नव्हेत. आणि ही गोष्ट आमच्या तक्त्यावर ग्रॅममध्ये लिहिलेली आहे.

आधी तक्त्याचा हिशोब करू. एक अँपिअर एक तास म्हणजे ३६०० कूलोम विद्युतभार. एक मोल इलेक्ट्रॉनांचा भार ९६,४८५ कूलोम. म्हणजे तासाभरात आपण टाकीत साधारण ०.०३७३ मोल इलेक्ट्रॉन ओततो. चांदीचा आयन द्रावणात एक इलेक्ट्रॉन कमी असलेला असतो, त्याला एक मिळाला की त्याचा धातू होतो. चांदीचं अणुवस्तुमान १०७.८७, म्हणजे एक मोल चांदी तेवढे ग्रॅम. गुणाकार करा, ४.०२ येतं. झिंकच्या आयनाला दोन लागतात, म्हणून ६५.३८ ला ०.०३७३ नं गुणून दोननं भागायचं, १.२२ येतं. मुलांना मी हे तक्ता न बघता करायला लावते. कागदावरचं उत्तर भिंतीवरच्या आकड्याशी जुळलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्यासाठी मला हे काम आवडतं.

आता कॉपर. अ‍ॅसिड बाथमध्ये कॉपर सल्फेट असतं, निळंशार. त्यातल्या कॉपरच्या आयनाला दोन इलेक्ट्रॉन कमी आहेत. ६३.५५ गुणिले ०.०३७३ भागिले दोन, १.१९. सायनाइड बाथमध्ये तेच कॉपर एकच इलेक्ट्रॉन गमावून बसलेलं असतं. भागाकार एकनं, म्हणून २.३७. वीज तितकीच आणि कॉपर दुप्पट. (प्रत्यक्षात सायनाइड बाथमध्ये थोडा करंट हायड्रोजन काढण्यात वाया जातो, सुरुवातीचा पातळ थर देणाऱ्या स्ट्राइक बाथमध्ये तर बराच. म्हणून टाकीवर पूर्ण दुप्पट मिळत नाही. तक्त्यावरचा आकडा शंभर टक्के कार्यक्षमता धरून काढलेला आहे.) म्हणजे संयुजा विजेच्या बिलात दिसते. फळ्यावरच्या वर्तुळांपेक्षा हे मुलांना लवकर पटतं, कारण अँपिअर-तास मोजणाऱ्या मीटरवर त्यांचा विश्वास असतो.

हा क्रम इतिहासाशीही जुळतो, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. संयुजा आधी कळली, इलेक्ट्रॉन नंतर. मायकेल फॅरडेनं १८३२ ते १८३४ या काळात लंडनला द्रावणांतून वीज सोडून सुटणारे पदार्थ तोलले आणि दाखवलं की तितक्याच विजेनं वेगवेगळ्या पदार्थांची जी वस्तुमानं सुटतात ती ठराविक प्रमाणात असतात. आयन, अ‍ॅनोड, कॅथोड हे जे शब्द आमच्या शॉपमध्ये दिवसभर ऐकू येतात ते त्यानंच १८३४ मध्ये रूढ केले. पुढे १८५२ मध्ये एडवर्ड फ्रँकलंडनं मांडलं की प्रत्येक मूलद्रव्याची जोडीदार धरण्याची एक ठराविक क्षमता असते. नायट्रोजन, फॉस्फरस, आर्सेनिक, अँटिमनी ही तीन किंवा पाच अणू धरतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. झिंकला इथिल गट जोडलेली संयुगं त्यानंच त्याआधी बनवली होती, हे मला झिंकच्या टाकीपाशी उभं असताना हमखास आठवतं. म्हणजे तीन किंवा पाच, एक नव्हे दोन आकडे, पहिल्या दिवसापासून होते.

१८८१ मध्ये हेल्महोल्ट्झनं लंडनमध्येच दिलेल्या व्याख्यानात म्हटलं की पदार्थ अणूंचे बनलेले मानायचे असतील, तर फॅरडेच्या नियमांवरून वीजसुद्धा ठराविक कणांची बनलेली मानावी लागेल. जे. जे. थॉमसननं इलेक्ट्रॉन शोधला तो १८९७ मध्ये. आणि बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचे ठिपके मांडून बंध समजावणारा गिल्बर्ट लुईसचा निबंध आला १९१६ मध्ये. फॅरडेपासून लुईसपर्यंत ऐंशीहून अधिक वर्षं माणसं तराजूवर एक, दोन, तीन असे पूर्णांक बघत होती आणि ते पूर्णांक का येतात ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आपण नववीच्या मुलांना ते उत्तर पहिल्याच दिवशी देतो आणि प्रश्न मात्र सांगत नाही.

चांदीच्या आकड्याची एक गंमत इथेच सांगते. एकेकाळी अँपिअरची व्याख्याच चांदीवरून केलेली होती. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून सेकंदाला १.११८ मिलिग्रॅम चांदी जमवणारा करंट म्हणजे एक आंतरराष्ट्रीय अँपिअर. १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत हे ठरलं, १९०८ मध्ये लंडनला पक्कं झालं आणि १९४८ पर्यंत चाललं. १.११८ मिलिग्रॅमला ३६०० नं गुणा, आमच्या भिंतीवरचा ४.०२ ग्रॅम येतो. या कामासाठी चांदीच निवडली, त्याचं एक कारण तिची संयुजा. ती पाण्यात एकाच्या पलीकडे जात नाही, त्यामुळे हिशोबात संशय उरत नाही.

मग बाहेरचे इलेक्ट्रॉन आणि आतले इलेक्ट्रॉन हा फरक खरा कशावरून? कागदावर वर्तुळं काढली म्हणून तो खरा होत नाही. मुलांना मी चित्राऐवजी आयनन ऊर्जेचे आकडे दाखवते. वायुरूप अणूतून एकेक इलेक्ट्रॉन ओढून काढायला किती ऊर्जा लागते ते मोजता येतं. सगळे आकडे किलोज्यूल प्रति मोल.

सोडियम: पहिल्या इलेक्ट्रॉनला ४९६, दुसऱ्याला ४५६२.
मॅग्नेशियम: ७३८, १४५१, आणि तिसऱ्याला ७७३३.
अ‍ॅल्युमिनियम: ५७८, १८१७, २७४५, आणि चौथ्याला ११,५७७.

हे आकडे मोठ्यानं वाचा. उडी कुठे पडते ते कानालाच कळतं. सोडियमला एकानंतर, मॅग्नेशियमला दोनानंतर, अ‍ॅल्युमिनियमला तीनानंतर. पुस्तकातलं २, ८, १ आणि २, ८, २ आणि २, ८, ३ हे जे संरूपण (कवचांनुसार इलेक्ट्रॉनांची मांडणी) आहे, त्याचा हा पुरावा. उडीच्या अलीकडचे ते बाहेरचे, उडीच्या पलीकडचे ते आतले. आतल्या कवचातले इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या जवळ असतात, त्यांच्या आणि केंद्रकाच्या मध्ये आड येणारे इलेक्ट्रॉन कमी असतात, म्हणून त्यांच्यावरची पकड जबर असते. संयुजा इलेक्ट्रॉन ही कल्पना मला खऱ्या अर्थानं कळली ती या आकड्यांवरून.

इथेच आणखी एक बोलायचं आहे. सोडियमला एक इलेक्ट्रॉन द्यायचा असतो, क्लोरिनला एक हवा असतो, बाहेरच्या कक्षेत आठ झाले (अष्टक पूर्ण झालं) की दोघं खूश, अशी गोष्ट वर्गात सांगितली जाते. अणूला काही हवं असत नाही. सोडियमचा तो इलेक्ट्रॉन काढायला ४९६ खर्ची पडतात. क्लोरिननं तो घेतला की ३४९ परत मिळतात. म्हणजे १४७ ची तूट. नुसत्या अष्टकाच्या ओढीनं मीठ तयार झालं असतं, तर हा हिशोब तोट्यात गेला नसता. तूट भरून निघते ती स्फटिकामुळे. धन आणि ऋण आयन एकमेकांभोवती रचले जाऊन मिठाचा स्फटिक बनला की ७८७ किलोज्यूल मिळतात. धातूचे अणू सुटे करण्याचा आणि क्लोरिनचा रेणू फोडण्याचा खर्च वजा जाता मोलामागे सुमारे ४११ किलोज्यूल शिल्लक राहतात.

मग सोडियमनं दोन इलेक्ट्रॉन दिले आणि दोन क्लोरिन घेतले तर? दुसऱ्या इलेक्ट्रॉनचे ४५६२ कोण भरणार? मॅग्नेशियम क्लोराइडच्या स्फटिकाला मिळतात तेवढे, म्हणजे अडीच हजारांच्या आसपास किलोज्यूल, या काल्पनिक स्फटिकालाही मिळाले असं धरलं तरी दोन हजारांहून अधिकची तूट उरते. सोडियमची संयुजा एक आहे ती या तुटीमुळे. आणि हा हिशोब परिस्थितीवर अवलंबून असतो, याचा एक सुंदर दाखला २०१३ मध्ये मिळाला. प्रचंड दाबाखाली, हिऱ्यांच्या चिमटीत, संशोधकांनी तीन सोडियमला एक क्लोरिन आणि एका सोडियमला तीन क्लोरिन अशी संयुगं बनवली. दाब बदलला, जमाखर्च बदलला.

आता लातूरच्या मुलाच्या कॉपरकडे येते, कारण त्याचा प्रश्न अजून अर्धाच सुटला आहे. कॉपरचं संरूपण २, ८, १८, १. बाहेर एकच इलेक्ट्रॉन. पुस्तकी नियमानं संयुजा एक असायला हवी. मग दुकानात मिळणारं मोरचूद, शाळेतलं कॉपर सल्फेट, सगळीकडे दोन कशी?

आयनन ऊर्जा बघा. पहिला इलेक्ट्रॉन ७४५, दुसरा १९५८. उडी आहे, पण सोडियमसारखी नऊपट नाही, अडीचपटीच्या थोडी वर. कॉपरच्या तिसऱ्या कवचातले शेवटचे दहा इलेक्ट्रॉन ऊर्जेनं बाहेरच्या एकट्याच्या बरेच जवळ असतात. भिंत पक्की नाही, पडदा आहे. तो ओलांडायचा की नाही हे बाहेरची परिस्थिती ठरवते.

पाण्यात काय होतं ते सांगते. समजा पाण्यात एक-एक इलेक्ट्रॉन गमावलेले कॉपरचे दोन आयन आहेत. एकानं आपला दुसरा इलेक्ट्रॉन दुसऱ्याला दिला. द्यायला १९५८ लागले. घेणाऱ्याला तो मिळाला म्हणून ७४५ परत आले, आणि तो अणू धातूत जाऊन बसला म्हणून आणखी ३४० च्या आसपास. तूट उरली साधारण ८७५. आता पाण्याचे रेणू. ते आयनांभोवती गोळा होतात आणि त्यात ऊर्जा सुटते. भार दुप्पट असला की ही ऊर्जा दुपटीहून खूप जास्त सुटते. एक भार असलेल्या कॉपर आयनाला सुमारे ५९० मिळतात, म्हणजे दोघांचे मिळून ११८०. दोन भार असलेल्या एकट्या आयनाला सुमारे २१००. फरक नऊशेच्या वर. तूट भरून थोडं उरलंच. म्हणून साध्या पाण्यात एक संयुजेचं कॉपर टिकत नाही. त्याचं अर्धं निळं द्रावण होतं आणि अर्धं तांबं खाली बसतं.

सायनाइड बाथमध्ये पाण्याची जागा सायनाइड घेतं. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या कॉपरला ते इतकं घट्ट धरतं की दुसरा इलेक्ट्रॉन सोडण्याचं कारणच उरत नाही. त्यामुळे तिथे कॉपर एकावर थांबतं. शिवाय या घट्ट पकडीमुळेच लोखंडी जॉब बुडवताच कॉपर आपोआप, सैल आणि पावडरसारखं चिकटत नाही, जे अ‍ॅसिड बाथमध्ये होतं. लोखंडावर आधी सायनाइड कॉपरचा स्ट्राइक का द्यायचा, याचं उत्तरही संयुजेच्याच गोष्टीत आहे. सायनाइड जिवावर बेतणारं विष आहे, आणि त्याला पर्याय असलेले बाथ आता बाजारात आहेत, ते वापरावेत असंच मी सांगते. पण शिकताना हे उदाहरण सोडवत नाही.

तर त्या मुलाला मी सांगितलं, "अरे, कॉपरची संयुजा किती असं विचारू नकोस. या टाकीतल्या कॉपरची किती, असं विचार." तो लगेच म्हणाला, "मग टिनचं पण असंच असेल?" असंच आहे. टिनच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन. अ‍ॅसिड टिनच्या बाथमध्ये त्यांतले दोन गेलेले असतात, अल्कधर्मी स्टॅनेट बाथमध्ये चारही. अँपिअर-तासाला २.२१ ग्रॅम आणि १.११ ग्रॅम. हे त्यानं स्वतः काढलं, कागद माझ्याकडे जपून ठेवला आहे.

आठचा नियम मग टाकून द्यायचा का? मुळीच नाही. आवर्तसारणीच्या दोन्ही कडांना, सोडियम-मॅग्नेशियमच्या बाजूला आणि ऑक्सिजन-क्लोरिनच्या बाजूला, तो उत्तम चालतो, आणि सुरुवात तिथूनच करावी. त्यातही रिचर्ड अबेगनं १९०४ मध्ये सांगितलेला जोडनियम मुलांना जरूर दाखवावा: मूलद्रव्याची सर्वांत मोठी देण्याची संयुजा आणि घेण्याची संयुजा यांची बेरीज आठ. गंधक हायड्रोजनबरोबर दोन, आणि ऑक्सिजनबरोबर सल्फर ट्रायऑक्साइडमध्ये सहा. क्लोरिन एक आणि परक्लोरेटमध्ये सात. बाहेरचे इलेक्ट्रॉन सहा किंवा सात आहेत ही गोष्ट तिथे उघड दिसते, जी नुसत्या दोन आणि एक या संयुजांत लपून राहते. मधल्या संक्रमण धातूंना मात्र हा नियम लावू नये. आणि प्लेटिंगवाल्याचं सगळं आयुष्य त्या मधल्या धातूंमध्येच जातं.

ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले, तो धातू क्रोमियम.

क्रोमियमचं संरूपण २, ८, १३, १. बाहेर एक. पण आयनन ऊर्जा बघा: ६५३, १५९१, २९८७, ४७४३, ६७०२, ८७४५, आणि मग एकदम १५,४५५. मोठी उडी सहानंतर. म्हणजे बाहेरचा एक आणि त्याच्या आतले पाच, असे सहा इलेक्ट्रॉन व्यवहारात येऊ शकतात. क्रोमिक अ‍ॅसिडमध्ये सहाही येतात. ते पूर्ण निघून गेलेले नसतात, ऑक्सिजनबरोबर वाटून घेतलेले असतात, पण हिशोब सहाचाच. हेच हेक्साव्हॅलंट क्रोम, शॉपमधल्या भाषेत नुसतं ‘हेक्स’. टाकीत गडद लालसर, धुण्याच्या पाण्यात पिवळं. तीन इलेक्ट्रॉन गेलेलं ते ‘ट्राय’, हिरवट.

हेक्स बाथमधून क्रोम चढवणं म्हणजे एकेका अणूला सहा इलेक्ट्रॉन पुरवणं. म्हणून तक्त्यावर ते सगळ्यांत खाली, ०.३२. त्यात या बाथची कार्यक्षमता फक्त १० ते २० टक्के. म्हणजे हातात येतात ०.०३ ते ०.०६ ग्रॅम. उरलेली वीज हायड्रोजनचे बुडबुडे काढते, आणि ते बुडबुडे फुटताना क्रोमिक अ‍ॅसिडचे बारीक तुषार हवेत उडवतात. तेच तुषार माणसांच्या नाकात जातात. सहाची संयुजा, खराब कार्यक्षमता आणि कामगाराचं नाक, ही एकच साखळी आहे.

मी या व्यवसायात आले तेव्हा एका जुन्या शॉपमध्ये काम करणारे एक मामा होते. त्यांच्या नाकाच्या मधल्या पडद्याला भोक होतं. ते त्याला ‘क्रोमचा शिक्का’ म्हणायचे, दुखत नाही म्हणायचे. खरंच दुखत नाही, आणि म्हणूनच माणूस डॉक्टरकडे जात नाही. हातावर छोटे खोल व्रण पडतात, तेही फारसे दुखत नाहीत. हेक्साव्हॅलंट क्रोमियमची संयुगं माणसात कर्करोग घडवतात, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं पहिल्या गटात नोंदवलेलं आहे. ट्रायव्हॅलंट त्या गटात नाही.

धातू तोच, केंद्रकात २४ प्रोटॉन तेच. मग फरक कशाचा? बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचा. सहाच्या संयुजेतलं क्रोमियम चार ऑक्सिजनांमध्ये बसून क्रोमेट आयन बनवतं, आणि तो आकारानं, भारानं सल्फेट आयनासारखा दिसतो. पेशीला सल्फेट लागतंच, तिच्या आवरणात त्याचे दरवाजे असतात. त्याच दरवाजानं क्रोमेट आत शिरतं. आत गेल्यावर ते पेशीतल्या पदार्थांकडून इलेक्ट्रॉन ओढून घेत तीनवर येतं, आणि त्या ओढाताणीत गुणसूत्रांची मोडतोड होते. बाहेरच तीनवर आलेलं क्रोमियम त्या दरवाजातून सहजी जात नाही. संयुजा म्हणजे नुसता गुण मिळवायचा प्रश्न नाही, हे मुलांना सांगताना माझा आवाज चढतो आणि तो चढावा असंच मला वाटतं.

ईटीपीत आम्ही जे करतो ते हेच, पण पेशीबाहेर. क्रोमचं धुण्याचं पाणी वेगळ्या टाकीत घ्यायचं, अ‍ॅसिड घालून पीएच अडीचच्या आसपास आणायचा, आणि सोडियम मेटाबायसल्फाइट घालायचं. पिवळं पाणी डोळ्यांदेखत हिरवं होतं. इलेक्ट्रॉन मोजा: क्रोमियम सहावरून तीनवर येतं, त्याला तीन हवेत. गंधक चारवरून सहावर जातं, ते दोन देतं. म्हणून दोन क्रोमियमला तीन गंधक. मेटाबायसल्फाइटच्या एका रेणूत दोन गंधक असतात. सगळं मांडलं की एक ग्रॅम हेक्स क्रोमियमला सुमारे २.७४ ग्रॅम मेटाबायसल्फाइट लागतं. प्रत्यक्षात थोडं जास्तच घालतो, कारण काही हवेतल्या ऑक्सिजनवर खर्च होतं. मग चुन्यानं पीएच साडेआठपर्यंत नेला की हिरवा गाळ खाली बसतो आणि फिल्टर प्रेसमधून घातक कचरा म्हणून वेगळा जातो. पाण्यात हेक्स उरलं का, हे डायफिनाइलकार्बाझाइडचे थेंब टाकून बघतो. जांभळा रंग आला तर उरलंय. आपल्याकडची मर्यादा हेक्ससाठी लिटरला ०.१ मिलिग्रॅम आणि एकूण क्रोमियमसाठी २ मिलिग्रॅम. कायद्यातही संयुजेनुसार दोन वेगळे आकडे आहेत.

झिंकच्या जॉबवर पूर्वी सर्रास पिवळं हेक्स पॅसिव्हेशन (गंज रोखणारा पातळ रासायनिक थर) व्हायचं. युरोपच्या वाहनविषयक नियमांनी गंजरोधक थरांतलं हेक्स जुलै २००७ पासून बंद केलं, आणि चाकण-भोसरीतून जे सुटे भाग तिकडच्या गाड्यांसाठी जातात त्यांना ट्राय पॅसिव्हेशन करावंच लागलं. ते चांगलं झालं. पण टाकीवर क्रोम चढवण्यासाठी हेक्स अजूनही वापरलं जातं, आणि तिथे काम करणारी पोरं वीस-बावीस वर्षांची असतात.

तुमच्या घरातलं, ओळखीतलं कोणी क्रोमच्या टाकीवर असेल तर त्याला तीन गोष्टी विचारा. टाकीच्या काठाला वाफ ओढून घेणारा एक्झॉस्ट चालू असतो का. नाकातून वारंवार रक्त किंवा खपली येते का. बोटांवर न दुखणारे व्रण आहेत का. दुसऱ्या-तिसऱ्याचं उत्तर हो असेल, तर त्याच आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या, आणि कामाच्या ठिकाणी क्रोमिक अ‍ॅसिड आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

आणि नववी-दहावीला शिकवणारं कोणी हे वाचत असेल, तर शाळेच्या प्रयोगशाळेत एक करून बघा. कॉपर सल्फेटच्या द्रावणात तांब्याच्या दोन पट्ट्या, ०.२ अँपिअर करंट, एक तास. पट्ट्या आधी तोलून ठेवा. एक पट्टी साधारण ०.२४ ग्रॅमनं जड होईल, दुसरी तेवढीच हलकी. मग मुलांना तो आकडा द्या, कॉपरचं अणुवस्तुमान द्या, आणि संयुजा त्यांना काढू द्या.